बाणाखालच्या रेघा

४ फेब्रुवारी
टेस्टिंग लॅब

मास्तरीणबाई,

आधीच सांगतो, हे पत्र नाही. हा पट्टी गुंडाळायचा कागद आहे. आमच्या लॅबचा नियम असा, की ओढून तोडलेल्या तुकड्यांची तोंडं एकमेकांवर घासू द्यायची नाहीत. प्रत्येक तुकडा कागदात गुंडाळायचा, पेटीत रचायचा आणि पेटी बुधवारच्या गाडीनं तुमच्या डिझाइन ऑफिसला पाठवायची. कागद कोराच हवा असं नियमात कुठे नाही. मी विचारून घेतलं. आप्पा म्हणाले, "बाबा रे, तू कशातही गुंडाळ, पण माझं डोकं खाऊ नकोस." आप्पा म्हणजे आमचे लॅबप्रमुख.

कॉलेज सोडल्यापासून तू माझा एकही फोन उचलला नाहीस. पुढे तो लागायचाच बंद झाला. ठीक आहे. मी काही रडत बसलो नाही. म्हणजे बसलो, पण थोडाच. ताईकडे राहतो, भावजींचे टोमणे खातो आणि इथे मशीनवर दिवसभर पत्र्याच्या पट्ट्या ओढतो, वाकवतो, मोडतो. भावजी म्हणतात, "मोडतोडीचा पगार मिळतो हे आधी माहीत असतं तर तुला शाळेतच घातला नसता." वडील अजून बोलत नाहीत. त्यांचे निरोप आईमार्फत येतात आणि सगळे 'त्याला म्हणावं'नं सुरू होतात.

गेल्या महिन्यात रिकामी पेटी परत आली, तिच्यावर चिठ्ठी होती: 'पट्ट्या सांभाळून हाताळाव्यात.' त्यातला ळ पाहिला आणि मी स्टुलावरून पडायचाच बाकी होतो. असा पोट सुटलेला ळ जगात एकच बाई काढते. गाडीवाल्या मामांना खोदून विचारलं. ते म्हणाले, हो, नवीन मॅडम आल्यात, हसत नाहीत फारशा. मग तर शंकाच उरली नाही.

मी मोडलेलं सगळं तुझ्या टेबलावर येतं म्हणजे. हे चांगलं की वाईट ते अजून ठरवता आलेलं नाही. एवढंच सांग, त्या आकड्यांचं तू करतेस काय? आप्पांना विचारलं तर म्हणतात, "कॉम्प्युटरला चारतात."

कामापुरता तुझा,
भडकू


११ फेब्रुवारी
डिझाइन ऑफिस

भडकू,

पेटीच्या तळाला घालायच्या कागदावर लिहितेय, म्हणजे तुझ्या नियमात बसेल.

तू विचारलंस म्हणून कामाचं आधी. पत्रा साच्यात दाबला की कसा वाकेल, कुठे पातळ होईल आणि दाब काढल्यावर किती परत फिरेल, हे सगळं धातूच्या मूळ गणितानं काढता येतं. पण एका आकाराला कॉम्प्युटर अख्खा दिवस खातो. साच्यात जरा बदल केला की पुन्हा अख्खा दिवस. म्हणून मी त्या मोठ्या गणिताची पुष्कळ उत्तरं आणि तुमच्या लॅबची मापं एकत्र करून एका छोट्या मॉडेलला शिकवलंय. त्याला धातूतलं ओ की ठो कळत नाही. पण खूप सोडवलेली उदाहरणं पाहिलेलं पोर जसं नव्या उदाहरणाचं उत्तर चटकन सांगतं, तसं ते सांगतं. डोळे मिटून उघडायच्या आत. मोठ्या गणिताच्या जागी तेच वापरायचं.

मार्चअखेर बैठक आहे. गाडीच्या सीटखाली जो ब्रॅकेट असतो, त्याचा साचा माझ्या मॉडेलच्या आकड्यांवरून कापायचा की नाही ते तिथे ठरेल. मॉडेल खरं ठरलं तर मला कंपनीच्या मोठ्या केंद्रात पाठवतील, समुद्रापलीकडे, दोन वर्षांसाठी. मला जायचंय. फार जायचंय. म्हणून पट्ट्या नीट मोड.

आता बिनकामाचं, एकदाच. तोंडी परीक्षेत त्या सरांनी मला पाडलं, तेव्हा भांडण माझं होतं. माझा अर्ज लिहून तयार होता. तू मध्येच त्यांच्या केबिनमध्ये घुसलास, पेपरवेट भिंतीवर मारलंस, माफी मागणार नाही म्हणालास आणि ताडताड कॉलेज सोडून गेलास. त्यानंतर वर्षभर मी कोण होते? 'ती रे, जिच्यासाठी त्यानं कॉलेज सोडलं ती.' पहिली आले तरी तीच. तुला कोणी सांगितलं होतं?

यापुढे फक्त आकडे पाठव.

— मास्तरीण


१८ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

फक्त आकडे मागितलेस, ते सोबतच्या कागदावर आहेत. हा कागद निराळा, गुंडाळायचा.

तुझं पत्र वाचून आधी मला प्रचंड राग आला. मग तो कुणाचा आला ते कळेना. सरांचा म्हणावा तर ते आता निवृत्त झाले. तुझा म्हणावा तर तुझं बरोबर आहे. उरलो मी. पण माझा राग माझा आधीच पुष्कळदा करून झालाय, त्यात नवीन काही नाही. ताईला सगळं सांगितलं. ती भांडी लावता लावता म्हणाली, "तू तिच्या बाजूनं भांडलास की तिच्या जागी भांडलास?" आणि पुढचं न बोलता आत निघून गेली. या घरातल्या बायका असं अर्धं बोलून का जातात?

आणि हे समुद्रापलीकडे काय? एकटीच जाणार आहेस? मामा म्हणाले की तुझ्या शेजारच्या टेबलावर एक चष्मेवाला बसतो, आणि तोही जायच्या यादीत आहे. मला काय त्याचं. मी आपला पत्रा ओढतो.

तुझ्या त्या मॉडेलचं नाव मी चेला ठेवलंय. गुरूला दिवस लागतो आणि चेला क्षणात बोलतो, असं असलं की मला चेल्याचा जरा संशयच येतो. पण त्याची मजा वाटते. मी पट्टी वाकवतो, दाब सोडतो, ती सावकाश परत फिरते, आणि तेवढ्यात किती फिरेल ते तिकडे चेल्यानं सांगून टाकलेलं असतं. पत्र्याला काही खाजगी आयुष्यच उरलं नाही.

एक गंमत सुचली. तुझं जाणं म्हणजे शेवटी माझ्या हातातल्या कोनमापकावर आहे ना? मी एखाद्या पट्टीचं माप जरा चुकीचं घेतलं, की चेला नापास आणि तू इथेच. बघ, केवढी सत्ता आहे माझी! साहेबलोकांनासुद्धा एवढी नसेल.

भडकू


२५ फेब्रुवारी

भडकू,

असली गंमत पुन्हा करायची नाही. लिहायची नाही आणि मनातही आणायची नाही. तुझी गंमत कुठे संपते आणि पेपरवेट कुठे सुरू होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

बाकी काम चांगलं चाललंय. तुझ्या सगळ्या पट्ट्या चेल्याशी (बघ, मीही म्हणायला लागले) जुळल्या. आमच्या साहेबांनी दोन्ही आलेख एकावर एक ठेवले आणि म्हणाले, "यात खालचा कुठला, वरचा कुठला?" या साहेबांकडून याहून मोठं कौतुक कुणाला मिळालेलं नाही.

आणि तुझे बाण मला आवडतात. कारखान्यात पत्रा ज्या दिशेनं लाटला जातो त्या दिशेच्या बारीक रेघा त्याच्यावर उमटतात, आणि त्या दिशेनं पट्टीवर बाण काढायचा असतो. बाकीचे लोक काट मारल्यासारखा काढतात. तू शेपटीला पिसं काढतोस. लेबल न वाचता कळतं, ही पट्टी तुझी.

आता शेवटची तपासणी. आजवरच्या पट्ट्या लॅबच्या साठ्यातल्या होत्या. या वेळी ज्या पत्र्याचा ब्रॅकेट होणार त्याच्याच हव्यात. पत्रा साच्यात दाबतात त्या प्रेस शॉपमधून घे. तो पत्रा तोच आहे, तेव्हा नुसता उपचार आहे. चेला म्हणतो, दाब सोडल्यावर सहा अंश परत फिरेल.

— मास्तरीण

ता. क. चष्मेवाल्याचं लग्न ठरलंय. हे तुला सांगायची काही गरज नव्हती.


४ मार्च

मास्तरीण,

हे वाचायच्या आधी बस. बसलीस?

जुळत नाही.

प्रेस शॉपनं पट्ट्या कापूनच दिल्या. मी नेहमीसारखे बाण काढले, पिसंही काढली, वाकवल्या. सहा अंश परत फिरायला हव्या होत्या. साडेआठ फिरल्या. मला वाटलं मशीन बिघडलं. लॅबच्या साठ्यातली जुनी पट्टी लावून पाहिली, तर तिनं गुमान सहा दाखवले. पुन्हा प्रेस शॉपची लावली, पुन्हा साडेआठ. आप्पांना बोलावलं. त्यांनी स्वतःच्या हातानं लावली, चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "असं व्हायला नको." हे मलाही माहीत होतं.

मी काहीही केलेलं नाही. हे वाक्य लिहिलं आणि लक्षात आलं, की मी काही केलं असतं तरी हेच वाक्य लिहिलं असतं. त्या गमतीची मला आता इतकी लाज वाटतेय की काय सांगू. पण त्या लाजेखातर मी साडेआठाचे सहा कसे करू? आणि केले तर साचा चुकीचा कापला जाईल, ब्रॅकेट बसणार नाही, आणि त्या साच्यावर नाव तुझं असेल.

वाकवलेल्या पट्ट्या सगळ्या पाठवतोय. तूच मोज.

भडकू


११ मार्च

मोजल्या. साडेआठच आहेत. पण हातानं कमी-जास्त वाकवून पट्टी साडेआठावर आणता येते, हे मला माहीत आहे आणि तुलाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला तूच दाखवलं होतंस, आठवतं?

नीट विचार केला. पत्रा तोच. जाडी तीच. ज्या गुंडाळीतून आला ती गुंडाळी तीच. प्रेस शॉपला फोन करून खात्री केली. बाणही नेहमीच्याच दिशेनं. मग बदललं काय? चेल्याला मी दहा बाजूंनी विचारलं. तो सहाच म्हणतो, आणि अगदी ठामपणे. बदलायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे तू. आप्पांनी लावली तीही आधी तुझ्याच हातातून गेलेली पट्टी.

मी तुला खोटारडा म्हणत नाहीये. तुलासुद्धा कळलं नसेल, तुझ्या हातानं परस्पर केलं असेल. पेपरवेटही तुझ्या हातानं परस्परच उचललं होतं ना?

ही मापं मी बाजूला ठेवतेय. बैठकीत जुनी दाखवणार. आप्पांना मी माझा संशय कळवणार नाही, काळजी नको.

या पेटीबरोबर उत्तर पाठवू नकोस.


२५ मार्च

मास्तरीणबाई,

उत्तर पाठवू नको म्हणालीस म्हणून गेल्या बुधवारी कोऱ्या कागदात पट्ट्या गुंडाळल्या. मामांनी पेटी हलवून पाहिली आणि म्हणाले, "आज हलकी लागते." मी त्यांच्यावरही खेकसलो. या आठवड्यात खेकसायचं राहिलेलं माणूस ताईच्या घरात कुणी नाही. भावजी तर घरी आल्यावर आधी ताईला विचारतात, "हवामान कसं आहे?"

काय झालं ते जसंच्या तसं सांगतो.

तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. प्रेस शॉपच्या पट्ट्यांतली एक मागे राहिली होती, न वाकवलेली. ठरवलं की हिच्यावरचा बाण पुसायचा, त्या जागी मोठ्या अक्षरात 'घे, खोटारड्याची पट्टी' असं लिहायचं आणि नुसती तेवढीच पाठवायची. हो, अजून असलाच आहे मी. स्पिरिटचा बोळा घेतला आणि बाण घासून घासून पुसला. पिसंसुद्धा. खिडकीशी जाऊन पट्टी तिरकी धरली, कुठे डाग राहिलाय का बघायला.

रेघा आडव्या होत्या.

बाण होता लांबीच्या दिशेनं आणि रेघा होत्या रुंदीच्या दिशेनं. मी कधी खाली बघितलंच नव्हतं. लॅबच्या साठ्यातल्या पट्ट्या मी स्वतः कापतो, नेहमी लांबीच्या दिशेनं. त्यामुळे पट्टी हातात आली की बाण लांबीलाच काढायचा, ही हाताची सवय. प्रेस शॉपच्या पट्ट्या कापूनच आल्या होत्या आणि सवयीनं मी त्यांच्यावर खोटा बाण काढला. तुझं म्हणणं एका अर्थी खरं निघालं. माझ्या हातानं परस्परच केलं. फक्त तू म्हणतेस ते नाही.

धावत प्रेस शॉपला गेलो. तिथल्या फोरमननं शांतपणे सांगितलं, "ब्रॅकेटचा सगळा माल आडवाच कापतो आम्ही. तसा एका पत्र्यात जास्त बसतो. का, तुमचं काय गेलं?" आणि आप्पा म्हणतात, या जातीचा कडक पत्रा आडवा घेतला की जास्त हट्टी असतो, जास्त परत फिरतो. आधी का नाही म्हणालात विचारलं, तर म्हणाले, "बाणावर विश्वास ठेवला रे."

म्हणजे साडेआठ खरे आहेत. सहाही खरे आहेत. दोन्ही खरं असतं हे पुस्तकात वाचलं होतं, पण त्यानं झोप उडते हे वाचलं नव्हतं.

आता माझा घोळ ऐक. हे तुला कळवलं तर बैठकीत तुझं मॉडेल अडकणार, नवीन चाचण्या लागणार, आणि तुझं जाणं लांबणार. मला नेमकं तेच हवं आहे. पहिल्या दिवसापासून. मग मी हे खरं आहे म्हणून कळवतोय की मला हवं आहे म्हणून? रागानं सांगतो, मला माहीत नाही. तू इथे राहावीस असं मला नको असतं, तर मी आज किती सुखानं खरं बोललो असतो! न कळवावं तर तू जाशील, चुकीचा साचा मागे ठेवून. तेही मला चालणार नाही. मी सगळ्या बाजूंनी स्वतःला विचारून पाहिलं, उत्तर एक येत नाही.

म्हणून माझ्यावर अजिबात विश्वास ठेवू नकोस. ही पट्टी सोबत आहे, पुसलेली. लेन्सखाली धर आणि रेघा बघ. रेघांना तू जाशील की राहशील याच्याशी देणंघेणं नाही.

बैठक सोमवारी आहे ना? तुझ्याकडे चार दिवस आहेत. या वेळी मी मध्ये घुसणार नाही. आप्पांकडून पत्र नाही, साहेबांना फोन नाही, काही नाही. तुझं भांडण तुझं.

भडकू


१ एप्रिल

भडकू,

लेन्स लागलीच नाही. खिडकीशी तिरकी धरली, तेवढ्यानंच दिसलं. मग मागच्या पेटीतल्या, मी बाजूला ठेवलेल्या सगळ्या पट्ट्या काढल्या आणि बाण पुसत बसले. सगळ्यांच्या खाली आडव्या. मीही इतके दिवस तुझी पिसंच बघत होते.

तुझा बाण चुकला, पण माझं त्याहून मोठं चुकलं. चेल्याला मी जाडी शिकवली, कडकपणा शिकवला, कोन शिकवला. दिशा शिकवलीच नाही. सगळ्या पट्ट्या एकाच दिशेच्या येतात, मग विचारायचं कशाला, असं वाटलं. त्यामुळे आडवी पट्टी समोर ठेवली तरी तो सहाच म्हणतो. अडखळत नाही, 'हे मी पाहिलेलं नाही' म्हणत नाही. जे पाहिलंय त्याबद्दल जेवढ्या खात्रीनं बोलतो, तेवढ्याच खात्रीनं न पाहिलेल्याबद्दल बोलतो. आणि मी त्याच्या खात्रीवर विश्वास ठेवला, तुझ्या घाबरण्यावर नाही.

बैठकीत उभं राहून सांगितलं. मॉडेल ब्रॅकेटला लागू नाही, साचा कापू नका. साहेब बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत होते. मग म्हणाले, "हे कळलं कसं?" मी म्हणाले, "लॅबनं कळवलं." तुझं नाव घेतलं नाही. तुला राग येईल, पण एकदा तरी तुझं-माझं नाव एका वाक्यात न येता काही घडावं असं वाटलं. साचा थांबलाय. चष्मेवाला जातोय, बायकोला घेऊन. माझं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. बघू म्हणजे काय ते तुलाही माहीत आहे.

घरी जाऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तुझ्यामुळे नाही. म्हणजे रडले, पण थोडं तुझ्यामुळे. तू खरं बोललास आणि तेच तुला हवंही होतं, हे एकाच वेळी कसं सहन करायचं ते मला समजत नाही. तू खोटं बोलला असतास तर सोपं गेलं असतं. तू खूश असशील या विचारानं मला संताप येतो, आणि तू खूश नसशील असं वाटलं की आणखीच येतो. असो.

चेल्याला दिशा शिकवायची आहे. उभ्या, आडव्या, तिरक्या, सगळ्या पट्ट्या हव्यात. या वेळी पेटीतून नकोत. पुढच्या-पुढच्या बुधवारी गाडी परत फिरेल तेव्हा तिच्यातून मी येतेय. कापताना मला समोर उभं राहायचं आहे. बाण मी काढीन. तू फक्त वाकवायच्या.

राहण्याची सोय ऑफिसनं केली आहे, तू काही करू नकोस. खरंच काही करू नकोस.

— मास्तरीण


८ एप्रिल

मास्तरीणबाई,

मी काही केलेलं नाही. आप्पांनी मात्र लॅब धुऊन घेतली. मामांनी गाडीतली पुढची सीट झटकली आणि सगळ्या प्रेस शॉपला सांगितलं, "पुढच्या खेपेला पेटी नाही, सवारी आहे." ताईनं विचारलं, "आता काय करणार आहेस?" मी म्हणालो, "पट्ट्या वाकवणार." ती पहिल्यांदाच अर्धं सोडून न जाता उभी राहिली आणि म्हणाली, "बरं झालं." तेवढंच.

खूश आहे का ते तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. नाही. तू राहिलीस हे कळलं तेव्हा मी स्टोअरच्या मागे जाऊन एक उडी मारली. खाली येईपर्यंत तुझं टेबलाशी उभं राहून 'कापू नका' म्हणणं डोळ्यांसमोर आलं, आणि उतरताना पाय लचकला. तेव्हापासून लंगडतोय. बुधवारी दिसेलच.

वडिलांचा निरोप आला. 'त्याला म्हणावं, राहिलेली परीक्षा देता येते का ते विचार.' मी विचारणार आहे. हे तुझ्यासाठी नाही. थोडंसं आहे, पण वेगळं काढता येत नाही, आणि आता मी काढतही बसत नाही.

तीन दिशांचे पत्रे वेगळे लावून ठेवलेत. कुठल्याच पट्टीवर बाण काढलेला नाही. पिसं काढायला हात शिवशिवतो, तेव्हा खिशात घालतो.

तू आल्यावर तुला एक विचारायचं आहे. त्यावर तू काय म्हणशील, याचा अंदाज मी रोज निराळा बांधतो. सकाळी वाटतं हो, मशीन सुरू झालं की वाटतं नाही, जेवणाच्या सुट्टीत वाटतं की विचारूच नये. चेल्याला घातलं असतं, तर त्यानं डोळे मिटून उघडायच्या आत ठाम उत्तर दिलं असतं. मीही एरवी दिलंच असतं, तुझ्या वतीनं, तुला न विचारता.

या वेळी पट्टी खिडकीशी तिरकी धरून उभा आहे. रेघा कुठल्या दिशेच्या आहेत ते तू येऊन सांग.

भडकू